सातशे वॅटचा भात

२ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळ.

रंजीताची प्रमोशनची ऑर्डर आली. सव्वीस वर्षं स्टाफ नर्स, आता परिसेविका. म्हणजे अख्ख्या वॉर्डाची इन्चार्ज. ठिकाण अहेरी. चंद्रपूरहून बसने चार तास. रोज येणं-जाणं शक्य नाही. तिथेच खोली करायची आणि पंधरा दिवसांनी घरी यायचं.

मी जागच्या जागी पाठिंबा जाहीर केला. असे नवरे कमी असतात. आधी ‘अभिनंदन’ म्हटलं, मग ‘भाताचं काय?’ असं विचारलं. रंजीताच्या मते क्रम उलटा होता. क्रमाला महत्त्व नाही.

होकार किंवा नकार सोळा तारखेपर्यंत लेखी द्यायचा आहे. नकार दिला तर पुढची काही वर्षं नाव मागे पडतं, आणि तिच्या नोकरीची सातच वर्षं उरली आहेत. मी म्हटलं, घाई करू नको. आधी घरची सिस्टीम बसवू, मग कळव.

घरची सिस्टीम म्हणजे भात. आमच्याकडे दोन्ही वेळा भात लागतो. आईला (बायनाबाई, वय अठ्ठ्याहत्तर) पोळी चाववत नाही. तांदूळ पोंभुर्ण्याकडच्या आमच्या शेतातला, पोत्याने येतो. रंजीता तो गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, भरपूर पाण्यात शिजवते, वर झाकण धरून पाणी पसवून काढते, आणि ती पेज मीठ घालून आईला देते. पेज प्यायल्याशिवाय आईचा दिवस उजाडत नाही. रंजीता गेल्यावर हे कोण करणार? मी. कशात? इलेक्ट्रिक राइस कुकरमध्ये.

दोन मिनिटांत प्रश्न सुटला. आता फक्त कोणता कुकर घ्यायचा, एवढंच ठरवायचं आहे. उद्या संध्याकाळपर्यंत ठरेल.

३ डिसेंबर, मंगळवार

ठरलं नाही. एक लिटर, दीड लिटर, पावणेदोन लिटर असे प्रकार आहेत. शिवाय काचेचं झाकण की स्टीलचं. एकोणीस व्हिडिओ पाहिले, त्यातले सात तमिळमध्ये. भाषा समजली नाही, पण भात समजला.

एका गिऱ्हाइकाने लिहिलंय, ‘उत्तम वस्तू, आयुष्य बदललं.’ खाली दुसऱ्याने लिहिलंय, ‘वाया गेले.’ दोघांचं मॉडेल एकच. अशा वेळी अभ्यासाला पर्याय नाही. एक्सेलमध्ये तक्ता सुरू केला. आतापर्यंत अकरा कॉलम.

रंजीता दुपारी झेरॉक्स काढायला गेली होती. आल्यावर काहीतरी सांगत होती. मी हो हो म्हटलं. तेव्हा मी एक लिटर आणि दीड लिटर यांच्या मधोमध होतो.

५ डिसेंबर, गुरुवार

वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये लटारूभाऊंशी चर्चा. ते माझ्याहून चार वर्षांनी सीनिअर आणि त्यांच्याकडे राइस कुकर आहे. विचारलं, कसा आहे? म्हणाले, एक नंबर. विचारलं, भात कसा होतो? म्हणाले, ‘भाताचं मले नाई माहीत बाप्पा. आमी त्यात अंडे उकडतो.’

चर्चा उपयुक्त झाली. अंडी हा बारावा कॉलम.

लटारूभाऊंनी वर हेही विचारलं की, ‘समोर पाचशे मेगावॅटचं युनिट चालवतं तू, अन् सातशे वॅटच्या डब्ब्याले काऊन भेऊन राह्यला?’ भीतीचा प्रश्नच नाही. मी बॉयलर डेस्कवरचा माणूस आहे. निर्णय कसे घ्यायचे असतात ते आमच्याकडे शिकवतात. आधी माहिती, मग परवानगी, मग काम. लटारूभाऊ हे विसरले आहेत, म्हणून त्यांच्याकडे अंडी.

६ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी कॉलनीतल्या विहारात अभिवादनाला गेलो. मेणबत्त्या, वंदना, सगळं शांतपणे झालं. बाहेर चपला घालताना पाच-सहा जण ओळखीचे भेटले. त्यांना राइस कुकरबद्दल विचारलं. तीन जण बाजूने, दोन विरोधात, एक जण गप्प. रंजीता आईचा हात धरून पुढे निघून गेली. नंतर म्हणाली, आजचा दिवस तरी सोडायचा होता. हे मात्र खरं. पण इतकी माणसं एकत्र दुसऱ्या कोणत्या दिवशी भेटणार?

८ डिसेंबर, रविवार

खुशबूचा नागपूरहून फोन. मुलगी हुशार आहे, पण विचार वरवरचा. म्हणाली, ‘पप्पा, घरी प्रेशर कुकर आहे ना? तीन शिट्ट्या घ्या अन् विषय संपवा.’

तिला समजावलं. एक, प्रेशर कुकरच्या भाताला पेज निघत नाही. दोन, प्रेशर म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. आयुष्य त्यात गेलं. म्हणूनच स्वयंपाकघरात शिट्टी झाली की मी गॅलरीत जातो. ही भीती नव्हे, हा ट्रेनिंगचा भाग आहे.

मग रंजीता म्हणाली, ‘तुमी मशीन घेऊ नका. पंधरा मिनिटाचं काम हाये. इथी उभे राहा, मी शिकवतो.’ मी लगेच उभा राहिलो. तिने तांदूळ धुतले, गंज गॅसवर ठेवला, आणि त्याच क्षणी लटारूभाऊंचा फोन आला. बारा वाजता फोन करा असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं, पण गंजही बाराच वाजता चढेल हे मला काय माहीत? फोन संपला तेव्हा भात झाला होता.

पसवणं पाहायचं राहिलं. तसंही ते दिसतं तितकं सोपं नाही. उकळतं पाणी, कापडाने धरलेलं झाकण, आणि मधल्या फटीवर सगळा भरवसा. आमच्या प्लॅन्टमध्ये असल्या कामाला परमिट मिळणार नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

कुकर ऑर्डर केला. दीड लिटर, सातशे वॅट, काचेचं झाकण, लाल रंग. लाल रंग तक्त्यात नव्हता. तो मनातून आला.

आता रंजीताने निर्धास्त व्हावं. तसं सांगितलंही. ती बॅग शिवून आणायला गेली होती. जुन्या बॅगेची चेन तुटली होती म्हणे. आत्ताच बॅगेचं काय काम, म्हटलं. अजून ट्रायल बाकी आहे.

नियम केला: लागोपाठ तीन ट्रायल यशस्वी झाल्याशिवाय सिस्टीम चालू झाली असं मानायचं नाही. आणि सिस्टीम चालू झाल्याशिवाय रंजीताने काही लिहून द्यायचं नाही. तिच्याच भल्यासाठी.

१२ डिसेंबर, गुरुवार

कुकर आला. डिलिव्हरीवाल्याने ओटीपी मागितला तेव्हा माझा आवाज जरा वर गेला. दिवसभर कशातच लक्ष नव्हतं. गेटपर्यंत दोनदा जाऊन आलो. सेक्युरिटीवाल्याने विचारलं, साहेब, पाहुणे येऊन राह्यले का?

खोका उघडला. माहितीपत्रक इंग्रजीत, हिंदीत आणि तमिळमध्ये. मराठीत नाही. याचा निषेध करणारा ईमेल लिहायला घेतला. दोन परिच्छेद झाले. भात राहिला.

आई कुकरसमोर खुर्ची टाकून बसली. बराच वेळ पाहून म्हणाली, ‘दिसाले तं नवरीसारखा हाय. काम करते का?’ म्हटलं, उद्या कळेल.

१३ डिसेंबर, शुक्रवार. ट्रायल क्र. १.

रंजीता ड्यूटीवर. मैदान मोकळं. पत्रकाप्रमाणे दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी. बटण दाबलं, दिवा लागला, हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पंचवीस मिनिटांत टक् असा आवाज झाला आणि कुकर आपोआप वॉर्मवर गेला. मन भरून आलं.

निकाल: यशस्वी. भातात पाण्याचं प्रमाण किंचित जास्त. चमचा उभा राहत होता आणि हळूच आडवा होत होता.

आईच्या ताटात वाढला. तिने एक घास घेतला, ताट सरकवलं आणि विचारलं, ‘हे पोटीस कोनाच्या गुडघ्याले लावाचं?’

मग पेज मागितली. मी सांगितलं की या पद्धतीत पेज बाहेर येत नाही, सगळं पाणी भातातच जिरतं. त्यामुळे सत्त्व वाया जात नाही. आई म्हणाली, ‘म्हंजे माही पेज यानं पेली? मंग आता यालेच औषध देजो, यालेच आंघोळीले पानी काढजो. मी निघतो गावाले.’

संध्याकाळी रंजीताने भात बोटांनी दाबून पाहिला. म्हणाली, नवा तांदूळ आहे, याला कमी पाणी लागतं, पत्रकवाल्याला आपलं शेत काय माहीत. ही माहिती आधी द्यायला हवी होती. ती म्हणते, दिली होती. रविवारी. मी फोनवर होतो.

१५ डिसेंबर, रविवार. ट्रायल क्र. २.

हेतू: पेज.

दोन दिवस विचार केला. कुकर पेज देत नाही, कारण त्याला कोणी मागितलीच नाही. गंजात जितकं पाणी लागतं तितकं कुकरमध्ये घालायचं, दहा मिनिटं उकळू द्यायचं, प्लग काढायचा, भांडं उचलून पेज ओतायची, उरलेला भात परत आत ठेवून बटण दाबायचं. इतकी साधी गोष्ट कोणत्याच कंपनीला सुचली नाही. सुचायला पेज पिणारी आई घरात लागते.

रंजीता बाजारात. आई खुर्चीवर. दोन वाट्या तांदूळ, आठ वाट्या पाणी. भांडं काठोकाठ. लटारूभाऊंना व्हिडिओ कॉल लावला, म्हणजे साक्षीदार राहील. सातव्या मिनिटाला फेस आला. मी लटारूभाऊंना फेसाचं कारण समजावत होतो. आठव्या मिनिटाला झाकण नाचायला लागलं. लटारूभाऊ म्हणाले, ‘नागसेन, पानी निंगून राह्यलं.’ म्हटलं, भाऊ, हा प्रक्रियेचा भाग आहे.

पेज निघाली. एकदम सगळीकडून. ओट्यावरून ओघळली, खालच्या एक्स्टेन्शन बोर्डात शिरली, आणि आमच्या अख्ख्या क्वार्टरची वीज गेली.

समोरच्या खिडकीतून शेजारी ओरडले, ‘इकडे हाये बाप्पा लाइट, तुमच्याच घरची गेली!’ वीजकेंद्राच्या कॉलनीत हे वाक्य ऐकून घ्यायला धीर लागतो.

झाकण उघडताना वाफेने हनुवटीवर चटका बसला. किरकोळ आहे. लॉगमध्ये नोंद: ‘ट्रिप. कारण: बोर्डाची जागा चुकीची. कुकर निर्दोष, ऑपरेटर निर्दोष.’

आईने खुर्चीवरूनच विचारलं, ‘झाली का माही पेज?’

रंजीता आली. तिने ओटा पाहिला, माझी हनुवटी पाहिली, त्यावर मलम लावलं.   मग गंज चढवला. पंधरा मिनिटांत भात, वाटीत पेज, वर मीठ. तेव्हा मी शेजारीच होतो. पण लाइट चालू-बंद करून पाहत होतो, त्यामुळे पद्धत नीट दिसली नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

आज लेखी कळवायची शेवटची तारीख. दोनपैकी एकच ट्रायल यशस्वी (तीही वादग्रस्त). कामावर सकाळपासून अस्वस्थ होतो. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची लेव्हल पाहताना मला भांड्यातलं पाणी दिसत होतं. दुपारी सुट्टी टाकून घरी आलो आणि रंजीताला मनापासून सांगितलं: मुदतवाढ माग. लिही की घरगुती यंत्रणा चाचणीखाली आहे. त्यांनी नाहीच म्हटलं तर, म्हटलं, नकार दिलास तरी मी तुला कधी बोलून दाखवणार नाही. माझ्या मनात किल्मिष नाही.

ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, ‘मी तं तीन तारखेलेच होकार देल्ला.’

म्हटलं, मला न सांगता?

म्हणाली, ‘झेरॉक्स काढून आली अन् तुमाले सांगतलं, की मी होकार देऊन आली. तुमी म्हणले, हो हो, आधी एक लिटर का दीड लिटर ते ठरू दे.’

आईला माहीत होतं. आईने गावात फोन करून पेढ्यांचंसुद्धा सांगितलं होतं. खुशबूला माहीत होतं, अहेरीची खोली तिनेच मैत्रिणीच्या ओळखीने पाहून ठेवली आहे. लटारूभाऊंना माहीत होतं. त्यांची बायको रंजीताच्याच वॉर्डात आहे.

शांतपणे विचार करता एक गोष्ट स्पष्ट झाली. तीन तारखेला मी ‘हो हो’ म्हटलं होतं. म्हणजे निर्णय माझ्या संमतीनेच झाला आहे. हे बरं झालं.

पाय मोकळे करायला गेटपर्यंत गेलो. मग परत आलो. मग पुन्हा गेलो.

१८ डिसेंबर, बुधवार. ट्रायल क्र. ३.

हेतू: आता हेतू काय लिहायचा हे नीट ठरलं नाही. तरी नियम म्हणजे नियम.

दोन वाट्या नवा तांदूळ, साडेतीन वाट्या पाणी. बटण दाबणार तोच आई उठून आली. तिने भांड्यात बोट बुडवलं, तांदळावर एक पेर पाणी मोजलं आणि वरचं वाटीभर पाणी मोरीत ओतून दिलं. म्हणाली, ‘आता दाब.’ याची नोंद ‘अनधिकृत हस्तक्षेप’ अशी केली.

भात सुरेख झाला. मोकळा, पांढरा, दाणा दाणा वेगळा. आईने दुसऱ्यांदा मागून घेतला. म्हणाली, ‘पेज नाई, पन भात हाय.’ रंजीतानेसुद्धा उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि कुकरकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

निष्कर्ष: राइस कुकर घेण्यासारखा आहे. अट एकच, ऑपरेटर अनुभवी हवा.

१९ डिसेंबर, गुरुवार

अंग गरम वाटतंय. डोकंही जड. रंजीताला सांगितलं. तिने थर्मामीटर लावला. ९८.२. थर्मामीटर जुना आहे. नवीन लावला. ९८.२. दोन्ही एकाच कंपनीचे आहेत.

म्हटलं, सोमवारी अहेरीला जॉइन व्हायचंय खरं, पण जमेल का बघ, घरात आजारी माणूस आहे. तर आई लगेच म्हणाली, ‘मले काई झालं नाई.’

२० डिसेंबर, शुक्रवार

अहेरीच्या रस्त्याचा विषय काढला. मधे किती जंगल आहे, बस बंद पडली तर काय, वाघ आहेत, अस्वलं आहेत. रंजीता भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘मागच्या मयन्यात आपल्या क्वार्टरच्या भिंतीवर बिबट बसला होता, तेव्हा तुमी कुठी होते?’ मी बाथरूममध्ये होतो. आतून कडी लागली होती. हा वेगळा विषय आहे.

दुपारी बसून कुकरची कार्यपद्धती लिहून काढली. चौदा मुद्दे. लॅमिनेट करून आणली. ओट्यावर लावायला उत्तम जागा आहे, पण लावली नाही. उद्या लावतो.

२१ डिसेंबर, शनिवार

अहेरीच्या घरमालकीणबाईंचा फोन. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. रंजीताला सगळं समजत होतं, मला फक्त ‘गॅस नको’ एवढं समजलं. खोली छान आहे, पाणी आहे, पंखा आहे, पण सिलिंडर ठेवायचा नाही. लाइटवर काय शिजवायचं ते शिजवा.

फोन ठेवून रंजीताने कुकरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मीही कुकरकडे पाहिलं. आईने तिघांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘दे ना रे बाबू तिले. तुले कुठी येते तो चालवता?’

मी स्वतःहून दिला. म्हणजे ती पेपरमध्ये गुंडाळत होती तेव्हा मी अडवलं नाही. उलट काचेच्या झाकणाखाली टॉवेलची घडी ठेवायची सूचना माझीच. इतका अभ्यास करून घेतलेली वस्तू. एका कर्तबगार बाईच्या करिअरला आपण साधन पुरवतो आहोत, असं वाटून बरं वाटलं.

नंतर ओट्यावरची मोकळी जागा पुसली. ती आधीपासून पुसलेलीच होती.

२२ डिसेंबर, रविवार

चंद्रपूर बसस्टँड. रंजीताच्या हातात नवी चेन लावलेली बॅग, मांडीवर कुकर. वर ठेवू म्हटलं तर नको म्हणाली, आदळेल. मी लॅमिनेट केलेली कार्यपद्धती खिडकीतून दिली. तिने तिथेच वाचली आणि सहाव्या मुद्द्यावर हसली. सहाव्या मुद्द्यात हसण्यासारखं काही नाही: ‘झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवावे.’ हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. स्टँडवर धूळ फार.

मी सांगत होतो, रोज भात झाल्यावर प्लग काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ती मान हलवत होती. मधेच म्हणाली, ‘दुसरं काई सांगाचं हाये का?’ मी आठवून पाहिलं. म्हटलं, हो, भांडं बाहेरून कोरडं करूनच आत ठेव.

बस निघाली. तिने खिडकीतून काहीतरी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. बहुधा पाण्याच्या प्रमाणाबद्दल असावं.

घरी आई म्हणाली, ‘आजचा भात तिनं करून ठेवला. उद्यापासून तू हाय अन् गंज हाय.’ मी म्हटलं, दुसरा कुकर मागवू, आता मॉडेल माहीत आहे. आई म्हणाली, ‘मले पेज पायजे.’

२३ डिसेंबर, सोमवार

सुट्टी घेतली. घरची घडी बसेपर्यंत एक दिवस लागणारच.

सकाळी साडेसहाला रंजीताला फोन. कुकर प्रवासात आदळला तर नाही ना? नाही. सव्वासातला फोन. तिथला सॉकेट मोठ्या पिनेचा आहे ना? आहे. आठला फोन. भांडं कोरडं केलं का? केलं. ती म्हणाली, आता वॉर्डात जाऊन राह्यली, दुपारी बोलते.

मधल्या वेळात गंज. आई खुर्ची घेऊन दारात बसली आणि तिथून हुकूम सोडत होती. तांदूळ धू. पुन्हा धू. पानी जास्त टाक, कंजुषी करू नको. उकळलं. पसवायची वेळ आली. कापडाने झाकण धरलं, गंज वाकवला, फट ठेवली. फट जरा मोठी झाली. पेज मोरीत गेली आणि तिच्यामागून भातही. आईने मोरीकडे पाहिलं. म्हणाली, ‘आता उंदरायले मीठ दे.’

दुपारी एकला रंजीताला फोन. कुकरचा दिवा नीट लागतो का? ती वॉर्डातून बोलत होती, म्हणून लगेच ठेवला. तीनला फोन. तिथे व्होल्टेज कमी तर नाही ना? साडेचारला फोन केला, पण विचारायला काही सुचेना. म्हटलं, झाकणाचा नॉब घट्ट आहे ना, पाहा. ती म्हणाली, खोलीवर गेली की पाहते.

आई बाजूलाच शेंगा निवडत होती. म्हणाली, ‘तुले त्या कुकरचीच आठवन येऊन राह्यली तं कुकरलेच फोन लाव ना. तिले कायले लावतं?’

संध्याकाळी सात वाजता रंजीताचाच फोन आला. म्हणाली, नॉब घट्ट आहे. पहिलाच भात लावला, एक पेर पाणी ठेवून, चांगला झाला. घरमालकीणबाई पाहायला आल्या आणि वाटीभर घेऊन गेल्या. वॉर्ड मोठा आहे, मुली चांगल्या आहेत, पहिल्याच दिवशी सह्या करून हात दुखला. सांगताना तिचा आवाज वेगळा होता. असा आवाज घरी ऐकल्याचं आठवत नाही.

मग म्हणाली, ‘कुकर बरा हाये. आता तुमचं सांगा.’

मी म्हटलं, माझं काय सांगायचं. आणि फोन आईकडे दिला.

आईने सगळं सांगितलं. मोरीतला भात, सकाळपासूनचे फोन, गेटच्या चकरा. दुपारी आम्ही दोघांनी चुरमुरे खाल्ले हेही सांगितलं. मी दारात उभं राहून ऐकत होतो. शेवटी आई जरा हळू आवाजात म्हणाली, ‘त्याले करमत नाई वं, अन् त्याले सांगता येत नाई.’

खोडून काढायला मी पुढे झालो. पण तिच्या बोलण्यात एकही चूक सापडली नाही.